उवांचे गणित

गेल्या वर्षी प्राथमिक शिक्षकांच्या एका शिबिरात ‘वर्गात भिंगाचा वापर’ या विषयावर बोलायला मी गेले होते. सत्र संपताना आम्ही एक खोके फिरवले. मनातला कोणताही प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, नाव लिहायचे नाही. पालीची तुटलेली शेपूट का वळवळते, काजव्याच्या उजेडाने हात का भाजत नाही, असे नेहमीचे चांगले प्रश्न निघाले. मग एक चिठ्ठी निघाली : ‘उवांवर रामबाण औषध कोणते?’ सभागृहात हशा पिकला. मीही हसले आणि ‘याचे उत्तर जेवणानंतर’ असे म्हणून चिठ्ठी बाजूला ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत एक बाई ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या. चिठ्ठी त्यांचीच होती. त्या तिसरीला शिकवतात. पावसाळ्यात त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या केसांत उवा दिसल्या. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईने तक्रार केली. बाईंनी त्या मुलीला भिंतीकडेला एकटे बसवले आणि डोके साफ केल्याशिवाय हिला शाळेत पाठवू नये, असा निरोप वहीत लिहून दिला. चार दिवसांनी मुलगी आली ती डोक्याला रुमाल बांधून. आईने तिचा गोटा केला होता. मधल्या सुट्टीत कोणीतरी तो रुमाल ओढला. त्यानंतर मुलगी शाळेत आलीच नाही.

“दोनदा घरी जाऊन आले, मॅडम,” बाई म्हणाल्या. “दाराआड उभी राहते, पुढे येत नाही. आणि वर्गातल्या उवा आहेत तशाच आहेत. माझ्याही डोक्यात निघाल्या. मी काय करायला हवं होतं?”

त्या दुपारी मी जे सांगितले ते घाईचे आणि अर्धवट होते. उवांवर रामबाण औषध नाही, पण खात्रीचा उपाय आहे. तो समजण्यासाठी ऊ जन्मते कशी, वाढते कशी आणि किती दिवसांत अंडी घालू लागते, हे आधी पाहायला हवे. उत्तर त्या दिवसांच्या हिशेबातच आहे.

ऊ आणि लीख

संस्कृतात उवेला ‘यूका’ आणि लिखेला ‘लिक्षा’ म्हणतात. आपले शब्द तिथूनच आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीची जी मापे दिली आहेत त्यांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल असा हिशेब आहे. लहानात लहान वस्तूचे नाव हवे झाले तेव्हा आपल्या पूर्वजांना लीख आठवली, इतकी ती ओळखीची होती.

डोक्यातली ऊ हा पंख नसलेला, सहा पायांचा कीटक आहे. पूर्ण वाढलेली ऊ दोन ते तीन मिलिमीटर लांब, म्हणजे साधारण तिळाएवढी असते. तिच्या प्रत्येक पायाच्या टोकाला एक वाकडी नखी असते आणि तिच्यासमोर अंगठ्यासारखा उंचवटा असतो. या दोहोंच्या मधल्या जागेत माणसाचा केस नेमका बसतो. केसाला धरून चालण्यात ती इतकी तरबेज असते, की मिनिटाला वीसेक सेंटिमीटर अंतर तोडते. पण सपाट जागेवर तिची गत दोरीवरून उतरलेल्या डोंबाऱ्यासारखी होत नाही, उलट होते : दोरी सुटली की ती लंगडते. तिला उडी मारता येत नाही, उडता येत नाही. म्हणून एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायचे तर केसाला केस लागावा लागतो. डोकी एकत्र करून गुपित सांगणाऱ्या मैत्रिणी, एका पुस्तकात वाकलेली तीन मुले, एका अंथरुणात झोपलेली भावंडे हे उवांचे रस्ते आहेत. फणी, टोपी, उशी यांतून ऊ कधीमधी जाते, पण तो आडरस्ता समजावा. कुत्र्यामांजरांच्या अंगावर ती जगत नाही.

तिचे अन्न एकच, माणसाचे रक्त. दिवसातून अनेकदा ती थोडे थोडे रक्त पिते. डोक्यावरून खाली पडली की उपाशी राहून आणि सुकून ती एकदोन दिवसांत मरते. म्हणून घरभर औषध फवारणे, गाद्या उन्हात घालून घर धुऊन काढणे यांत फार शक्ती घालवू नये. उशीचा अभ्रा, टॉवेल, रुमाल गरम पाण्यात धुतले आणि फण्या दहा मिनिटे कढत पाण्यात ठेवल्या की पुरे.

मादी सुमारे महिनाभर जगते आणि दिवसाला सहा ते आठ अंडी घालते. ही अंडी म्हणजेच लिखा. प्रत्येक अंडे ती केसाच्या बुंध्याशी, डोक्याच्या त्वचेजवळच्या उबेत, एका चिकट द्रवाने चिकटवते. हा द्रव क्षणात घट्ट होतो. तो प्रथिनांचा बनलेला असतो आणि केसही प्रथिनाचाच. म्हणूनच केसाला धक्का न लावता फक्त लिखेचा डिंक विरघळवील असा पदार्थ मिळणे कठीण आहे. नुसते डोके धुऊन लीख निघत नाही, ती नखाने किंवा फणीने ओढूनच काढावी लागते.

अंड्याच्या टोकाला बारीक छिद्रांचे एक झाकण असते. आतले पिल्लू तयार झाले की त्या छिद्रांतून हवा गिळते. ती हवा मागे साठते आणि तिच्या दाबाने झाकण उघडून पिल्लू बाहेर ढकलले जाते. ही क्रिया अंडे घातल्यापासून सात ते दहा दिवसांत होते. पिल्लू तीन वेळा कात टाकते आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत पूर्ण वाढलेली ऊ होते. हे दोन आकडे लक्षात ठेवा : अंडे फुटायला सात ते दहा दिवस आणि पिल्लू मोठे होऊन अंडी घालायला त्यानंतर साधारण नऊ ते बारा दिवस.

‘अस्वच्छ’ मुलांच्याच डोक्यात उवा?

उवा घामातून किंवा मळातून होतात ही समजूत फार जुनी आहे. मनुस्मृतीत उवांची गणना ‘स्वेदज’ म्हणजे घामातून जन्मणाऱ्या जीवांत केली आहे. ग्रीसमधल्या ॲरिस्टॉटललाही त्या मांसातून आपोआप उपजतात असे वाटत होते. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या लेव्हेनहुकने या प्रश्नाचा छडा लावायला स्वतःचा पाय वापरला. माद्या पायमोज्यात ठेवून त्याने तो मोजा काही दिवस पायातून काढलाच नाही आणि नंतर आतली अंडी मोजली. ऊ उवेपासूनच होते, याला यापेक्षा सरळ पुरावा कोणता हवा?

उवेला केस आणि रक्त हवे. केस मळका आहे की रोज शिकेकाईने धुतलेला, हे तिला सारखेच. पाण्यात बुडवली तर ती श्वासाची छिद्रे मिटून घेते आणि कित्येक तास तग धरते. त्यामुळे रोज न्हाऊनही उवा जात नाहीत आणि न न्हाल्याने होतही नाहीत. स्वच्छ, सुखवस्तू घरांतल्या मुलांनाही त्या होतात. फरक पडतो तो नंतर. ज्या घरात दिवसातला अर्धा तास मुलीचे डोके बघायला कोणी मोकळे आहे, तिथे उवा लवकर आटोक्यात येतात. ऊसतोडीला किंवा मजुरीला जाणाऱ्या आईजवळ तो अर्धा तास नसतो. आश्रमशाळेतल्या मुलीजवळ तर आईच नसते. ही वेळेची चणचण आपण मळाच्या नावावर टाकतो.

आणखी एक गोष्ट. उवांमुळे येणारी खाज हा त्यांच्या लाळेविरुद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद असतो, एक प्रकारची ॲलर्जी. ती निर्माण व्हायला वेळ लागतो. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला चार ते सहा आठवडे खाज सुटत नाही. म्हणजे आज जी मुलगी डोके खाजवताना दिसते तिच्या डोक्यात उवा महिनाभर तरी आहेत. त्या महिन्यात ती सगळ्यांबरोबर खेळली, बसली. दुसरे मूल न खाजवता शेजारी बसले असेल, म्हणून त्याच्या डोक्यात उवा नाहीत असे म्हणता येत नाही. कोणी कोणाला दिल्या हे ठरवणे यामुळे अशक्यच होते. जी मुलगी आधी खाजवते ती आधी सापडते, एवढेच. तिला वेगळे बसवले तोवर तिच्या उवा, किंवा तिला ज्यांच्याकडून मिळाल्या त्यांच्या उवा, वर्गभर पोहोचलेल्या असतात. बाईंच्या वर्गात नेमके हेच झाले होते.

उवांची एवढी धास्ती बसण्यामागे एक कारण आहे. उवेची एक सख्खी बहीण कपड्यांच्या शिवणीत राहते. ती टायफस नावाच्या जीवघेण्या तापाचे जंतू पसरवते, हे चार्ल्स निकोल यांनी १९०९ साली ट्युनिसमध्ये दाखवून दिले. १९२८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. डोक्यातल्या उवांकडून मात्र असा रोग नेहमीच्या जीवनात पसरत असल्याचे आढळलेले नाही. त्या किती रक्त पितात हेही मोजून झाले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासानुसार, डोक्यात तीस उवा असलेल्या मुलाचे दिवसाला सुमारे ०.००८ मिलिलिटर रक्त जाते. पाण्याच्या एका थेंबाच्या सहाव्या हिश्शाएवढे! खरा त्रास होतो तो झोपमोडीचा आणि खाजवून झालेल्या जखमा चिघळण्याचा. मानेच्या मागे गाठी आल्या, डोक्यात पू किंवा खपल्या दिसल्या तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगावे.

औषधे का हरतात

पर्मेथ्रिन हे उवांवरचे आज सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध. एक टक्का पर्मेथ्रिन असलेले लोशन दुकानात मिळते. ते उवेच्या मज्जातंतूंवर काम करते. इथेच त्याची पहिली अडचण आहे. अंड्यातल्या पिल्लाला पहिले काही दिवस मज्जासंस्थाच नसते, मग त्या औषधाने मारायचे काय? म्हणून एकदा औषध लावले की मोठ्या उवा मरतात, लिखा उरतात आणि आठवड्याभरात त्या फुटतात. ‘औषधाने काही होत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत औषध एकदाच लावलेले असते. साधारण नऊ दिवसांनी ते पुन्हा लावले तर नवी पिल्ले अंडी घालण्याच्या वयात येण्याआधीच मरतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. लाखो उवांमध्ये एखादीच्या मज्जातंतूंत असा किरकोळ बदल असतो, की औषध तिथे नीट बसत नाही. बाकीच्या मरतात, ती उरते. पुढची पिढी तिची. हे आपण पूर्वीही पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धात डीडीटीची पावडर कपड्यांतल्या उवांवर जादूसारखी चालली. १९५१ साली कोरियात डीडीटीला दाद न देणाऱ्या उवा सापडल्या. पर्मेथ्रिन मज्जातंतूंत जिथे मारा करते, ती जागा डीडीटीचीच आहे. त्यामुळे त्याचीही तीच गत जगात अनेक ठिकाणी झाली आहे. नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून आपण इंग्लंडमधला पतंग शिकवतो. आपल्याच वेणीत त्याहून जवळचे उदाहरण आहे.

आता डायमेथिकोनसारखी सिलिकॉनयुक्त द्रव्येही मिळतात. ती विषारी नसतात. उवेच्या अंगावर पसरून ती तिची श्वासाची छिद्रे बुजवतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही वापरल्या जातात, पण त्या फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या असतात. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत. शाळेने कोणतेही औषध स्वतः मुलांच्या डोक्याला लावू नये. ते पालकांचे आणि डॉक्टरांचे काम आहे.

घरगुती उपायांविषयी मात्र शिक्षकांनी स्पष्ट बोलायला हवे. रॉकेल लावल्याने त्वचा भाजल्यासारखी होते, आणि ओल्या केसांनी चुलीजवळ गेलेली मुलगी पेट घेऊ शकते. शेतावरचे कीटकनाशक किंवा ढेकणांची पावडर डोक्याला लावणे म्हणजे विष प्रयोगच. खाजवून झालेल्या जखमांतून ते रक्तात झपाट्याने जाते. डांबरगोळ्यांमुळे काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सीताफळाच्या बिया वाटून लावण्याची रीत आपल्याकडे गावोगाव आहे. त्या बियांत कीटकांना मारणारी द्रव्ये आहेत हे खरे. पण तो लगदा डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते, आणि अशा रुग्णांची नोंद आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी केलेली आहे. उवा कोणाचा जीव घेत नाहीत, हे उपाय घेऊ शकतात.

फणी आणि दिनदर्शिका

२०१६ साली इस्राएलमधल्या लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात हस्तिदंताची एक लहानशी फणी सापडली. साडेतीन सेंटिमीटर लांब, एका बाजूला सहा जाड दाते, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. २०२१ साली तिच्यावरची पुसट अक्षरे एका संशोधिकेच्या लक्षात आली आणि २०२२ साली ती वाचून प्रसिद्ध झाली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघून जावोत, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. अक्षरांवरून ते सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचे मानले जाते आणि त्या कनानी लिपीतले आज माहीत असलेले ते पहिले पूर्ण वाक्य आहे. दात्यांमध्ये उवेच्या पिल्लाच्या कवचाचे अवशेषही मिळाले. एका बाजूने गुंता सोडवायचा आणि दुसऱ्या बाजूने उवा काढायच्या, हीच रचना आपल्या आजीच्या लाकडी फणीची होती.

या फणीचे सामर्थ्य कशात आहे? तिला उवा सरावत नाहीत. दात्यांतून निसटण्याइतकी बारीक ऊ जन्माला आलेली नाही. अट एकच, दाते पुरेसे दाट हवेत. साधी परीक्षा अशी : लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची कड दात्यांच्या फटीत सहज शिरली तर ती फणी उवांसाठी निकामी समजावी.

पण फणीही एकदा फिरवून भागत नाही, आणि इथे ते दोन आकडे कामाला येतात. समजा, आज पहिला दिवस आहे. आज नीट विंचरून मोठ्या उवा काढल्या. लिखा राहिल्या. त्या आजपासून फार तर दहा दिवसांत, म्हणजे अकराव्या दिवसापर्यंत, फुटत राहणार. प्रत्येक पिल्लाला अंडी घालायला फुटल्यानंतर नऊएक दिवस लागणार. आता पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी पुन्हा विंचरले तर काय होते ते पाहा. दुसऱ्या दिवशी फुटलेले पिल्लू पाचव्या दिवशी फणीत सापडते. तेव्हा सुटले तर नवव्या दिवशी सापडते, आणि तोवर ते अंडी घालण्याच्या वयाचे झालेले नसते. सहाव्या दिवशी फुटलेले नवव्या किंवा तेराव्या दिवशी सापडते. अकराव्या दिवशी फुटलेले शेवटचे पिल्लू तेराव्या दिवशी. सतराव्या दिवशी एकदा तपासणीसाठी विंचरावे. काहीच निघाले नाही तर साखळी तुटली. एखादी मोठी ऊ निघाली तर मध्येच कोणाकडून नवी आली असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

ब्रिटनमध्ये या पद्धतीच्या दोन चाचण्या झाल्या. २००० सालच्या चाचणीत फक्त विंचरून ३८ टक्के मुलांच्या उवा गेल्या, तर मॅलॅथिऑनच्या लोशनने ७८ टक्के मुलांच्या. २००५ सालच्या चाचणीत सुधारलेल्या फणीने ५७ टक्के मुले उवामुक्त झाली आणि दुकानी औषधांनी केवळ १३ टक्के. हे आकडे एकमेकांविरुद्ध दिसतात, पण त्यांतून दोन गोष्टी कळतात. औषधाचे यश त्या भागातल्या उवा किती सरावल्या आहेत यावर ठरते. फणीचे यश फणीवर आणि विंचरणाऱ्याच्या चिकाटीवर ठरते. कोणताच उपाय शंभर टक्के नाही. म्हणूनच औषध लावले तरी विंचरणे सोडू नये.

विंचरायचे कसे, हे पालकसभेत प्रत्यक्ष दाखवता येईल. केसांना सढळ हाताने खोबरेल तेल किंवा धुतल्यावर कंडिशनर लावावे. त्याने उवा खात्रीने मरत नाहीत, पण त्यांची चाल मंदावते आणि फणी अडत नाही. आधी मोठ्या कंगव्याने गुंता सोडवावा. खांद्यावर पांढरे फडके टाकावे. केसांचे चार भाग करून एकेक बट घ्यावी. फणी डोक्याच्या त्वचेला टेकवून केसाच्या टोकापर्यंत ओढावी आणि दर खेपेला पांढऱ्या फडक्याला पुसून पाहावी. कानामागची आणि मानेवरची जागा सोडू नये, उवांना तीच जास्त आवडते. लांब केसांना अर्धा तास लागतो. निघालेल्या उवा साबणाच्या कढत पाण्यात टाकाव्यात. घरातल्या सर्वांची डोकी त्याच दिवशी पाहावीत, आजीचे आणि वडिलांचेही.

शाळेने काय करावे

एका मुलीचे डोके सगळ्यांसमोर तपासू नये. तिच्या वहीत निरोप लिहू नये. एका डोक्यात ऊ दिसली की वर्गातल्या सर्व पालकांना सारखीच चिठ्ठी पाठवावी : ‘वर्गात उवा आढळल्या आहेत. अमुक रविवारी सर्वांनी घरातली सगळी डोकी विंचरावीत, आणि पुढे दर चौथ्या दिवशी.’ खाली चारही तारखा लिहाव्यात. सगळी डोकी एकाच वेळी विंचरली तरच उवांना जायला जागा उरत नाही. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत हे सर्वांत सोपे आहे, कारण मुली आपसात डोकी बघतातच. त्यांना दाट फण्या, तेल आणि ठरलेले वार एवढेच द्यायचे आहे.

मुलाला घरी पाठवू नये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २००२ सालापासून सांगत आली आहे, की लीख दिसली म्हणून मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचा नियम सोडून द्यावा. त्याचे कारण केसाच्या वाढीत आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. बुंध्याशी घातलेली लीख केसाबरोबर दूर जाते. त्वचेपासून दोन सेंटिमीटरवर दिसणारी लीख बहुधा दोन महिन्यांपूर्वीची, म्हणजे केव्हाच फुटून गेलेले रिकामे टरफल असते. आपल्यासारख्या उष्ण हवेत काही अंडी जरा लांबवरही घातली जातात, म्हणून रंगही पाहावा. भरलेली लीख तपकिरी, रिकामी पांढरीशुभ्र. चालणारी ऊ दिसली तरच उवा आहेत असे म्हणावे. पांढऱ्या लिखांमुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलाच्या डोक्यात कदाचित एकही जिवंत ऊ नसते.

आणि हा धडा म्हणून शिकवावा. आपल्या स्वतःच्या किंवा घरच्या फणीतली एखादी ऊ स्पिरिटमध्ये मारून पारदर्शक चिकटपट्टीखाली कागदावर बसवा. कोणाच्या डोक्यातली हे वर्गात सांगायचे नाही. भिंगातून नखी दाखवा, पाय मोजायला सांगा. रॉबर्ट हूकने १६६५ साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात उवेचे घडी उलगडून पाहावे लागेल एवढे मोठे चित्र छापले होते. ती ऊ केस धरून उभी आहे. मुलांना भिंगातून पाहून तसे चित्र काढू द्या. मोठ्या मुलांना दिनदर्शिकेवर अंडे, पिल्लू आणि विंचरण्याचे दिवस तीन रंगांनी रंगवायला द्या आणि विचारा : फणी आठवड्यातून एकदाच फिरवली तर कोणते पिल्लू निसटण्याची भीती वाढेल? ज्या प्राण्याची तोंडाने कुजबुज होते त्याची फळ्यावर आकृती निघाली की त्याची लाज बरीच कमी होते.

शिबिरानंतर त्या बाईंना मी चार तारखांचा हिशेब लिहून पाठवला. त्यांनी आधी स्वतःचे डोके विंचरले आणि वर्गाला तसे सांगितले. मग सर्व घरी सारखी चिठ्ठी गेली. तिसऱ्या खेपेला बहुतेक फण्या कोऱ्या निघाल्या, असे त्यांनी कळवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगीही वर्गात आली. आईने शेजारणीकडे चिठ्ठी पाहिली होती आणि सगळ्यांनाच गेली आहे हे पाहून तिने मुलीला पाठवले. मुलगी अजून दाराजवळ बसते, कमी बोलते.

उवा जायला सतरा दिवस लागतात. तिची कमरेपर्यंत नव्हे, नुसती खांद्यापर्यंत येणारी वेणी, म्हणजे तीस सेंटिमीटर केस, महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने परत यायला अडीच वर्षे लागतील. तोवर ती पाचवीत गेलेली असेल.